सगळ्यांचं ‘हो’ आल्याशिवाय

...आणि वर मलाच विचारतात, “चालू केलंस का?” अहो, कसं करणार? सगळ्यांचं ‘हो’ आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम काय माझ्या मामाने केलाय?

तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात टीम चार. त्यांचं नवीन काम सॉफ्टवेअरमध्ये आधीच जाऊन बसलेलं असतं, पण झाकलेलं! त्याला एक बटण, फ्लॅग म्हणतात. चौघांनी ‘हो’ म्हटलं की मी तो चालू करायचा, मग ते सगळ्यांना दिसतं. कामं त्यांची, बोट माझं, आणि बिघडलं की मानही माझीच!

या खेपेला काय, तर वाढदिवस! ज्याचा असेल त्याचा फोटो सकाळी ऑफिसच्या ॲपमध्ये सगळ्यांच्या स्क्रीनवर, भोवती फुगे. आधी मात्र, सगळ्यांचं ‘हो’ यायच्या आत, एकाच माणसाला चालू करून बघायचं. कोणाला? मला! दर वेळी मलाच!

आता गंमत बघा, सोमवारी चालू व्हायचं होतं आणि मंगळवारी माझाच वाढदिवस. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, आपण कशाला सांगा, ॲप सांगेल की! तिघांचं ‘हो’ आलं. चौथ्या टीमच्या बाई म्हणतात, “अहो, फुग्यांचा रंग ठरायचाय अजून!”

मंगळवारी सकाळी ॲप उघडलं... माझा फोटो, फुगे, आणि खाली, ‘आज आपल्या सहकाऱ्याचा वाढदिवस, शुभेच्छा द्या!’ कोण देणार? बघणारा मी एकटा! आजूबाजूला चाळीस माणसं खाली मान घालून टकटक करतायत. आई होती तेव्हा सात वाजताच फोन यायचा हो... फार एकटं वाटलं. बटण बोटाखाली होतं, पण सगळ्यांचं ‘हो’ आल्याशिवाय...!

शेवटी बाईंना फोन केला, “आजच झालं असतं तर बरं...”

“एवढी काय घाई? आज काही विशेष आहे का?”

“छे छे! विशेष कसलं...”

काय म्हणणार सांगा? माझे फुगे सोडा म्हणू? निघताना मीच मला शुभेच्छा दिल्या. खाली आकडा आला, एक!

बुधवारी बाईंचं ‘हो’ आलं. केलं चालू. तपासणीवाले साहेब लगेच हजर, “काल करून बघितलंस ना? ठीक चाललं?”

“हो साहेब. फोटो आला, फुगे आले, एक शुभेच्छासुद्धा आली.”

“एकच? अरे, असा खोटा माणूस उभा करून काय कळणार? खरा वाढदिवस असलेला कुणीतरी घ्यायचा!”

म्हटलं, बघतो साहेब... पुढच्या वर्षी, याच तारखेला!