पिवळे पट्टे

दवाखान्यात नंबराची वाट बघत शिंपीकाका मासिकात डोकं खुपसून बसले होते. कान मात्र शेजारच्या मायलेकांकडे.

"आई, हा तुझ्या बीपीचा आलेख. प्रोग्रॅम लिहून काढलाय."

"आधी पाय हलवणं थांबव, अख्खं बाक हलतंय. हे पिवळे पट्टे कसले रे?"

"मी घरी होतो ते आठवडे. तारखा दिल्या की प्रोग्रॅम तेवढाच भाग रंगवतो. मी असलो की तुझं बीपी उतरतं, हे डॉक्टरांना दिसू दे."

"पट्ट्यांत तर रेघ वर चढलीये."

"थांब, तारखा चुकल्या असतील."

"कितीदा बघशील?"

"बरोबरच आहेत गं."

"मग पट्टे काढून टाक. आणि आत तू गप्प बस. मी सांगते, तेव्हा मीठ जास्त पडत होतं."