लांब बघ

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब घातले आणि अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत म्हणून बजावलं. शिंपीकाका निमूटपणे बाकावर बसून राहिले. शेजारी एक बाई आणि एक घोगऱ्या आवाजाचा माणूस बोलत होते.

“मायनस सहा? दोन्ही डोळ्यांना?”

“हो सर. लहानपणापासूनच असणार म्हणाले डॉक्टर.”

“अहो, चार वर्षं ती माझ्या टीममध्ये फुटबॉल खेळतेय.”

“खेळतेय कुठली, दहा मिनिटांत बाहेर काढता तुम्ही तिला.”

“माझी टीम लांबच्या पासवर खेळते, ताई. तुमची लेक जवळच पास देते. तो चुकत नाही कधी, हे कबूल.”

“मग जवळच्याच पासवर खेळवायचं.”

“एकीसाठी अख्ख्या टीमची पद्धत बदलू?”

“तुम्ही आला नाहीत की सगळ्या तशाच तर खेळतात.”



“पण दिसत नाही, तर पास देते कशी?”

“कुणाचे पाय धावताना कसे वाजतात, ते पाठ आहे तिला. आत्ता डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मलाही कळलं.”

“मला सांगायचं नाही का तिने?”

“तिला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं.”

“आणि मी रोज कडेला उभा राहून ओरडतोय, लांब बघ, लांब बघ. किती राग येत असेल तिला माझा.”

“छे हो. तुमच्या ओरडण्यावरूनच तर तिला कळतं, मैदान कुठं संपतं ते.”