दुसरं जाळं कोणी टाकलं?

हसायचं तर हसा, मला मात्र त्याची अजून लाज वाटते. पेरुंगुडीच्या ऑफिसात आमचं सॉफ्टवेअर समुद्राचे खोलीप्रमाणे पट्टे पाडून मासळीचा अंदाज काढायचं. प्रत्येक पट्ट्यात जाळं टाकल्याच्या किमान दोन नोंदी लागायच्या. सगळ्यात खोल पट्ट्यात एकच होती, म्हणून ते अडून बसलं. मी तीच ओळ कॉपी करून खाली चिकटवली. लगेच चालू!

डेमोला बोटीवरून नोंदी आणणारे मुरुगन अण्णा आले होते. स्क्रीन बघून मला धाकट्या भावासारखी हाक मारत म्हणाले, "तंबी, तिथं आम्ही एकदाच जाळं टाकलं होतं. हे दुसरं कुठलं?"

साहेब अण्णांकडेच रोखून बघायला लागले.

"माझंच लिहिताना चुकलं असेल, सॉरी सर," अण्णा म्हणाले.

आणि मी? मी म्हणालो, "असू दे अण्णा, होतं असं कधीकधी."