उलट्या लावलेल्या फायली

जबाब देणार: बॉयलर तपासणी कार्यालयातील रेकॉर्ड सांभाळणारी कर्मचारी, कार्यालयात सर्वजण 'रेकॉर्डबाई' म्हणतात. वय ५४ वर्षे. व्यवसाय नोकरी. राहणार धुलाई कारखान्यामागची कामगार वसाहत, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. शेजारच्या खोलीत माझा धाकटा भाऊ, भावजय व त्यांची मुलगी राहतात. भाऊ राहत होता, असं लिहा. तो धुलाई कारखान्यात बॉयलर चालवत होता. तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतात. बॉयलर फुटला त्यात तो गेला आणि इस्त्रीवरच्या दोन बाया भाजल्या. त्या अजून बोलण्याच्या स्थितीत नाहीत.

आमच्या कार्यालयाचं काम म्हणजे बॉयलर तपासायचे आणि वापरायला परवानगी द्यायची किंवा नाकारायची. प्रत्येक बॉयलरची एक फाईल. त्या फायली रॅकला लावणं, काढणं हे माझं काम. आमच्याकडे एक पद्धत होती. निरीक्षकाला एखाद्या बॉयलरचा भरवसा वाटला नाही की तो फाईल रॅकमध्ये उलटी लावायचा, डोकं खाली. लेखी बंदी घालायची तर वरच्या सह्या लागतात, आणि तेवढ्यात मालक वरूनच फोन आणतो. उलट्या फाईलला कुणाचा फोन चालत नाही. फाईल उलटी दिसली की नूतनीकरणाचा कागद तिथेच थांबायचा. निरीक्षक पुन्हा जाऊन दुरुस्ती बघणार आणि स्वतःच्या हाताने फाईल सरळ करणार, मगच पुढचं. कागदावर एक अक्षर नसायचं. नसायचं म्हणूनच ते टिकायचं. हे कुणी शिकवलं नाही. मी लागले तेव्हापासून बघत आले.

मागच्या वर्षी सगळं रेकॉर्ड संगणकावर घ्यायचं ठरलं. साहेबांनी बैठक घेतली. "काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ताच सांगा, नंतर कुरकुर नको," म्हणाले. निरीक्षक होते, कारकून होते, मी होते. उलट्या फायलींचं कुणीच काढलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. श्वास घे असं कुणी कुणाला सांगतं का? तसंच ते होतं. मग ठेकेदाराच्या मुली आल्या, हातमोजे घालून. फार नीट काम केलं त्यांनी. टाचण्या काढल्या, धूळ पुसली, प्रत्येक फाईल सरळ करून पान न् पान स्कॅन केलं. त्यांना मी दोष देत नाही. उलटं हातात आलं तर माणूस सरळ करूनच वाचणार. कागद लगद्याला गेले, रॅक भंगारात गेले. आता माझ्या खोलीत एक टेबल आणि एक स्क्रीन आहे. नवीन सिस्टिम अशी, की बॉयलरवर प्रतिकूल शेरा नसेल तर फी भरताच परवानगी आपोआप निघते. शेरे नव्हतेच.

भावाच्या कारखान्यातला मोठा बॉयलर त्याआधी बंद होता. जास्तीची वाफ सोडणारा व्हॉल्व्ह अडकतो, हे आमच्या जुन्या निरीक्षकांना तपासणीत दिसलं होतं. परत येऊन त्यांनी माझ्यासमोर ती फाईल उलटी लावली. पुढे ते निवृत्त झाले. कारखाना भाड्याच्या छोट्या बॉयलरवर चालला होता. मालकाने व्हॉल्व्ह काही बदलला नाही.

स्फोटाच्या आदल्या आठवड्यात भाऊ कामावरून थेट माझ्याकडे आला. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाला, "ताई, मालकाने सर्टिफिकेट आणून बॉयलरवर टांगलंय. व्हॉल्व्ह तोच आहे गं. तुमच्या लोकांनी पास कसा केला?" मी म्हटलं, "वेडा आहेस का? तुमची फाईल उलटी आहे." हे बोलले आणि माझं मलाच कळलं. उलटी कुठली? फाईलच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. तो बॉयलर थांबवा म्हणून सांगितलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "बाई, शेरा कुठंय? दाखवा." मी म्हटलं, शेरा नव्हता, फाईल उलटी होती. हेच साहेब निरीक्षक असताना माझ्यादेखत फायली उलट्या लावत होते. ते म्हणाले, "उलटंसुलटं सिस्टिमला कळत नाही. पोर्टलवर रीतसर तक्रार टाका." टाकली. आपली तक्रार नोंदवली आहे, असा संदेश आला. जुन्या निरीक्षकांना फोन केला. ते ओरडलेच, "अहो, उलटी लावली होती ना मी! आणखी किती बोंब मारायची होती?" मग रडायला लागले. मी फोन ठेवला.

भावाला मी सांगितलं, तू पेटवू नकोस, बस घरी. तो म्हणाला, "मी घरी बसलो तर मालक धुण्याच्या भट्टीवरच्या कुणालाही बॉयलरवर बसवेल. त्याला व्हॉल्व्ह कुठे असतो तेही ठाऊक नाही. मी निदान वाफेच्या दाबाच्या काट्यावरून डोळा हलवणार नाही." मी त्याला शिव्या दिल्या. तो हसला आणि म्हणाला, "तुझी तक्रार मार्गी लागू दे, मग बसतोच घरी."

घटनेच्या सकाळी मी भावजयीकडे चहा घेत होते. आवाज झाला, खिडकीच्या काचा आत आल्या. भावजय म्हणाली, "काय पडलं हो, वन्सं?" मी अनवाणीच जिना उतरले. प्रेताची ओळख मी पटवली. कशावरून, ते पंचनाम्यात आहे. पुन्हा विचारू नये.

शवागाराबाहेर साहेब आले होते. हात जोडले. म्हणाले, "बाई, दोष सिस्टिमवर आला तर सगळे परवाने पुन्हा उघडावे लागतील. तुमच्या भावाला आता काय फरक पडतो?" त्यांच्या अहवालात भावाचा निष्काळजीपणा लिहिला आहे. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. फरक भावजयीला पडतो, तिला भरपाई मिळणार नाही. भाचीला पडतो. तुझ्या बापाने दोन बाया भाजल्या, असं तिला शाळेत आत्ताच ऐकवलं गेलं आहे. मी साहेबांना काय बोलले ते लिहू नका. बोलले ते खरं बोलले.

आणखी कोणत्या फायली उलट्या होत्या, असं आपण विचारता. होत्या. कोणत्या, ते मला सांगता येत नाही. रॅकसमोर उभी राहिले असते तर हात आपोआप तिथे गेला असता. ते बॉयलर आज चालू आहेत आणि त्यांच्यापाशी माणसं उभी आहेत. ते आजच थांबवावेत, एवढं माझं म्हणणं यात घ्यावं.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात 'मयताने धोका माहीत असूनही निष्काळजीपणे बॉयलर पेटविला' अशी एक ओळ होती. ती मी सांगितलेली नाही. हवालदार म्हणाले, "अहवालाशी जुळायला नको का, बाई?" मी म्हटलं, जुळवू नका. त्यांनी ओळ खोडली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खोडलेली ओळ अजून वाचता येते. ती पूर्ण काळी करा, असं मी सांगितलं. नियमाप्रमाणे पोलिसांच्या कागदावरचं काहीही नाहीसं करता येत नाही, असं मला समजावण्यात आलं. म्हणून ती माझी नव्हे, हे कळावं यासाठी तिच्यापुढे मी वेगळी सही केली आहे.