'दे' आला तर 'घे' म्हनू नगा

पावनं, बसा. आवो, बसा म्हनतो न्हवं! बॅटरी ठेवा खाली. आत्ता काय म्हनलासा? "खड्ड्याच्या वाटनं जातो, अर्ध्या तासात फाट्यावर"? निवासराव, तुमी ह्या गावचं जावई. जावयाला आडवायचं म्हंजे आमाला जड जातंय. पर ह्या लाकूड कापायच्या गिरनीचा मालक म्हनून सांगतो, हितनं त्या वाटनं अंधार पडल्यावर कुनी जात न्हाई. म्याबी न्हाई. आन् ह्यो केरबा सुतार कवा कशाला भ्यालाय का, ते ह्या पंचक्रोशीत कुनालाबी इचारा.

ए बापू, बिडी इजव आदी. भुसा पेटला तर समदी जाऊ वर. हां. आता ऐका.

ही जी गिरन दिसती न्हवं, पत्र्याची शेड, लाईट, मोटर, ही आत्ताची. पैली गिरन मी ह्या दोन हातांनी केली. त्याच्या आदी आमी दोघं भाऊ हातानं लाकूड कापायचो. मी आन् ह्यो गुंडू. ह्यो काय बसलाय खांबाला टेकून. खोटं बोललो तर टोकंल मला. टोकतोस का न्हाई रं? बगा, हसतोय.

तवा कसं व्हतं, ऐका. रानात एक खड्डा, मानसापेक्षा वाईच खोल. त्याच्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक गडी वर, ओंडक्यावर हुबा. एक गडी खाली खड्ड्यात. मधी लांब करवत, वर एक दांडा, खाली एक दांडा. खालच्यानं म्हनायचं, "दे!" वरच्यानं म्हनायचं, "घे!" की करवत खाली. दे, घे. दे, घे. दिसभर त्येच. झोपंतसुदिक कुनी "दे" म्हनलं तर माज्या तोंडातनं "घे" निघायचं. बायको म्हनायची, काय घिऊ वो?

मी थोरला म्हनून मी वर. गुंडू धाकला म्हनून खाली. वीस वर्सं! वर उजेड, वारा, मोहाची झाडं. खाली नुसता भुसा. डोळ्यात भुसा, नाकात भुसा, भाकरीत भुसा. शेवटाला ह्याच्या छातीनं दम सोडला. तीन हात वडले की खोकला, तीन हात वडले की खोकला. डाक्टर म्हनला, पुन्ना खड्ड्यात उतरला तर ह्याची आशा सोडा.

आन् आमी साळंच्या छपराचं लाकूड द्यायचं कबूल करून बसलेलो. आठ दिसात.

मंग काय! म्या म्हनलं, गुंड्या, तू उतरायचं न्हाईस. आपुन यंत्र करू. समदं गाव हसलं. जुन्या जीपची दोन चाकं आनली, टायरसकट. लोखंडी सांगाडा जोडला. ह्या टोकाला एक चाक, त्या टोकाला एक. त्यावर करवतीची पट्टी चढवायची, गोल, नाडीवानी. हिरीवरचं डिझेल इंजान आनलं, त्यानं एक चाक फिरवायचं, पट्टीबरूबर दुसरं आपसुक फिरतं. खाली अँगलचं रूळ. ओंडका जाग्यावर पडून ऱ्हानार आन् करवत चालत त्याच्यातनं जानार! लोक म्हनायचं, केरबाची जीप निगाली, पर जागा सोडंना. म्हना की. मला ठावं व्हतं, चालनार. हातातली अक्कल कुनाच्या हसन्यानं जात न्हाई.

आडलं फकस्त पट्टीच्या जोडावर. पट्टी सरळ मिळती, तिची दोन टोकं जोडून गोल करावी लागती. दोनदा जोडली, दोनदा तटकन तुटली. दुसऱ्या बारीला तर माज्या कानाजवळनं गेली. गुंडू बसून बगत व्हता. म्हनला, "दादा, ऱ्हाऊ दे यंत्र. उद्या पाटंला मी उतरतो खड्ड्यात. शब्द दिलाय आपुन."

मी म्हनलं, "उतरलास तर तंगडी मोडीन. आज तालुक्याला जाऊन जोड मारून आनतो. रातीच चढवतो. पाटंला गिरन चालू न्हाई झाली, तर मंग बोल."

हेकट हाय ह्यो. बोलत न्हाई, करून दावतो. म्हनून मला रातीच घरी पोचायचं व्हतं, समजलं का? पट्टी चढवायची, ताणायची, दोनी चाकं एका रेषेत आनायची, चार तासांचं काम. उशीर झाला असता तर पाटं ह्यो करवत घिऊन खड्ड्यात.

तालुक्यातल्या मिस्त्रीनं जोड झ्याक मारला. पितळ वतून, घासून, बोटाला लागंना असा. पट्टीचं तीन येढं केलं, सुतळीनं बांधलं, खांद्यात आडकवलं. शेवटच्या यष्टीनं फाट्यावर उतरलो तवा चांगलं काळं झालं व्हतं. सडकेनं दोन तास. खड्ड्याच्या वाटनं अर्धा. कुठनं गेलो आसंन?

व्हय. तिकडनंच. माजाच खड्डा, माजीच वाट. म्हातारी मानसं सांगायची, आज्याच्या काळात तितं खालचा गडी मेला. ओंडका घसरला, वरचा जोडीदार भ्याला आन् पळाला. खालचा तसाच खाली. म्या कवा मनावर घेतलं न्हाई. वीस वर्सं तितं वर हुबा व्हतो की मी!

पैलं ऐका काय झालं. दोन शेतं वलांडली आन् खांद्यावरची पट्टी गुनगुनाया लागली. म्हनलं, चालताना दात दाताला घासतोय. हुबा ऱ्हायलो. तरीबी गुनगुन! हातानं दाबली, तवा थांबली. म्हनलं, वारा. पर वारा व्हता कुठं?

फुडं गेलो. वास आला. कसला? ताज्या कापलेल्या फनसाच्या लाकडाचा. पिवळा, गोड वास. आरं, पाच दिस झालं तितं करवत लागली न्हवती! पायाखाली मऊ लागलं. वाकून हात लावला. भुसा. आन् गरम, बाबानो! करवतीखालनं आत्ता पडल्यावानी गरम.

आता कुनीबी शाना मानूस मागं फिरला असता. पर माज्या डोस्क्यात आलं, ह्या हेकट्यानं वाट बगितली न्हाई! ह्यो आजच उतरला! राग आला, काळीजबी हाललं. तरातरा निगालो. आन् झाडीतनं आवाज आला.

"दे!"

गुंडूचा आवाज. आगदी गुंडूचा, घोगरा, दमल्याला. आन् माज्या तोंडातनं काय निगालं आसंन?

"घे!"

ऐकलासा न्हवं? इचार न्हाई, कायबी न्हाई. जिभंनं वीस वर्सांचं काम केलं. आन् "घे" म्हनलं की दिलं! त्यानं मागितलं आन् म्या दिलं. सौदा झाला, पावनं! काय दिलं, ते मला मागनं कळालं.

डोळ्याचं पातं लवलं नसंल, मी ओंडक्यावर हुबा. कसा चढलो ठावं न्हाई. पट्टी खांद्यावर, हातात वरचा दांडा. खाली खड्डा, काळाकुट्ट. "दे!" "घे!" "दे!" "घे!" वडतोय, वडतोय. खरं सांगू? बरं वाटत व्हतं. हात कसं चालत्यात! म्हनलं, ह्या खेपंला गुंड्याला दम हाय की. फळी संपली की वर काडतो आन् दोन ठिवून देतो.

पर फळी संपंना. मागं बगितलं, तर कापल्यालं लाकूड मागनं सांधत व्हतं! जखम भरावी तसं. आन् खालनं वडनं वाढलं. पैलं वाकलो. मंग गुडगं टेकलं. मंग छाती ओंडक्याला लागली. दांडा सोडाया गेलो तर बोटं निगंनात. त्यो करवत वडत न्हवता, बाबानो, मला वडत व्हता!

आन् तवा ध्यानात आलं. खोकला कुठाय? तीन हातांनी खोकनारा मानूस, शंभर हात झालं, एकदाबी खोकला न्हाई!

म्या म्हनलं, "गुंडू, डोळ्यात भुसा जातोय का रं?"

करवत थांबली न्हाई. खालनं गुंडूच्याच आवाजात, मायेनं, हळू:

"मला डोळंच न्हाईत, दादा."

आईच्यान सांगतो, खोटं न्हाई! हनुवटी ओंडक्याला टेकली व्हती. आजून दोन हात, की मी खाली. वरडावं तर कोन ऐकनार? द्येवाचं नाव घ्यावं तर आता तोंडातनं "घे"बिगर कायबी निगंना. घरचा खरा गुंडू डोळ्यांफुडं आला. पाटं उठनार, मला धुंडीत हितंच येनार, खालनं माज्या आवाजात हाक येनार, आन् ह्यो उतरनार. रडू आलं मला. लाज कसली त्यात? रडलो.

आन् मंग इचार आला. ह्यो भूत हाय, खरं. पर आदी कोन व्हता? आमच्यातलाच. खड्ड्यातला गडी. मंग ह्याला कामाचा कायदा ठावं आसनार!

ऐका, कायदा सांगतो. लाकूड करवतीला चावाया लागलं, की वरचा गडी वरडतो, "पाचर!" चिरंत पाचर ठोकतो. तवा खालच्यानं दोनी हात दांड्यावरनं काडायचं, डोस्क्यावर धरायचं, आन् वरचा "धर" म्हनंस्तवर खाली घ्यायचं न्हाईत. न्हाईतर करवत उसळून हात जातो. हे त्याच्या रगतात आसतंय. मेला म्हनून इसरंल व्हय?

म्या समदा जीव गळ्यात आनला. दात चावून "घे" आत दाबला आन् वरडलो,

"पाचर!"

करवत थांबली.

थांबली, लेकानु! खालचं वडनं गेलं. माजी बोटं मोकळी झाली. म्या पायातली वहान काडली आन् चिरंत कोंबली. वर बुक्की हानली. उडी टाकली आन् पळालो. एका वहानेनं! पट्टी खांद्यावरच, दात पाटीत रुतत्यात, पर सोडली न्हाई. मागनं आवाज आला. रागाचा न्हाई. गरीबावानी. "दादा, धरू?" वाईच थांबून, पुन्ना. "दादा, धरू का?"

म्या पळतच ऱ्हायलो.

घरी आलो तर ह्यो उंबऱ्यात बसलेला, करवतीला धार लावत. गळ्यात पडलो ह्याच्या. म्हनला, "पाटीतनं रगात येतंय." म्हनलं, "येऊ दे. पट्टी धर." रातभर खपलो. चाकं एका रेषेत आनली, वरनं थेंब थेंब पानी सोडलं, आन् दिस उगवायला इंजानाला हँडल मारलं. पट्टी फिरली. चढली. टिकली! ओंडक्यातनं अशी गेली, पावनं, लोन्यातनं दोरा जावा तशी. पैली फळी निगाली. गावात हसनारं समदं तितं हुबं. मी कसा हुबा ऱ्हायलो आसंन, इचारू नगा.

ह्यानं फळीवरनं हात फिरवला. मंग म्या रातीचं सांगितलं. वाटलं, ह्यो हसंल. ह्यो हसला न्हाई. म्हनला, "मला ठावं हाय त्यो."

"ठावं हाय म्हंजे?"

"वीस वर्सं माज्या दांड्यावर आजून दोन हात आसायचं, दादा. थंडगार. पैल्या वर्सी भ्यालो. मंग सवय झाली. मी दमलो की त्यो वडायचा. रोज मला म्हनायचा, तू जा, पर तुज्या दादाला पाठीव. म्या म्हनायचो, दादा न्हाई, मीच."

"आन् तू सांगितलं न्हाईस?"

"वरनं कुनाला खरं वाटलं आसतं?"

मी वर हुबा, वाऱ्यात, शीळ घालत. आन् माजा भाऊ खाली, वीस वर्सं, रोज त्याला सांगत व्हता, दादाला न्हाई देनार, मलाच घे. छाती भुशानं गेली म्हनत्यात समदी. मला तसं वाटत न्हाई. त्या दिवशीपासनं आमचा कुनीबी मानूस खड्ड्यात उतरला न्हाई. फळ्या ह्यो मोजतो, वर, उजेडात, खुर्चीवर बसून. आन् ती वाट आमी काट्या टाकून बंद केली. काट्या कुनीतरी बाजूला सारतंय, दर आवसंला. आतल्या बाजूनं.

म्हनून सांगतो, निवासराव, सडकेनं जावा. लांब पडू दे. पाय दुखू देत. बॅटरीचा शेल संपला तर फाट्यापतोर मी सोडाया येतो. पर त्या वाटंला पाऊल...

काय रं गुंडू? बोल की. ऐका, ह्यो कवा बोलत न्हाई, ऐका.

"पावनं, दादाचं ऐका. माजा आवाज ईल तुमाला तितं. मी हितंच आसनार हाय."