डिस्कवर आहे ना?

सलिल : अगं, निदान उघडून तरी बघ. पोलिसांनी परत दिलेला लॅपटॉप असा समोर ठेवून बसायचं असतं का? लोक वर्ष वर्ष खेपा घालतात.

दीप्ती : उघडला. ओळख पटवायला चौकीतच उघडायला लावला त्यांनी.

सलिल : मग? चालू झाला ना?

दीप्ती : झाला. नव्यासारखा. कोणती भाषा हवी, ते विचारत होता.

सलिल : म्हणजे?

दीप्ती : आत काही नाही.

सलिल : वाटलेलंच मला. गाडीची काच फोडून बॅग उचलणारे ते. विकायच्या आधी साफ करणारच.

दीप्ती : त्यांनी नाही. मी साफ केला.

सलिल : तू?

दीप्ती : चोरीला गेला तर दुरून सगळं पुसायची सोय मी आधीच करून ठेवली होती. वर्तकनगरला आईच्या सोसायटीबाहेर फुटलेली काच दिसली, तिथेच उभं राहून फोनवरून पुसायला सांगितलं. पुढे कोणीतरी तो नेटला जोडला असेल. त्याच क्षणी गेलं सगळं.

सलिल : एवढी काय घाई? दोन दिवस थांबायचंस.

दीप्ती : टिटवाळ्याच्या पुढच्या पाड्यांवरच्या बायका होत्या त्यात. गर्भपिशवी काढलेल्या. त्यांची नावं, रेकॉर्ड केलेले त्यांचे आवाज. कोणाच्या कानावर जाणार नाही, नेटवर कुठे ठेवणार नाही, असा शब्द देऊन बोलतं केलं त्यांना. ते चोराच्या हातात ठेवून थांबू?

सलिल : तसं नाही गं.

दीप्ती : आणि पुसायच्या आधी मी तुला फोन केला होता.

सलिल : हां. मी ऑफिसातून निघालेलो.

दीप्ती : विचारलं, घरच्या डिस्कवर कॉपी आहे ना? तू हो म्हणालास.

सलिल : म्हणालो असेन.

दीप्ती : डिस्क आण.

सलिल : जेवून घेऊ या आधी.

दीप्ती : सलिल.

सलिल : त्यात स्वानंदच्या लग्नाचं शूटिंग आहे. कुठे मावत नव्हतं. आई रोज मागे लागायची, धाकट्याचं शूटिंग फोटोवाल्याकडून आणलंस ना, मग दाखव की. मला वाटलं, तुझं उडवू, लॅपटॉपवरून परत घेता येईल. मग राहिलं.

दीप्ती : लग्न मार्गशीर्षात झालं. तेव्हापासून?

सलिल : तेव्हापासून.

दीप्ती : तूच म्हणाला होतास, तू गावोगाव फिरतेस, कॉपी घ्यायचं माझ्यावर सोड. मी येता-जाता विचारायचे.

सलिल : आणि मी हो म्हणायचो. दुसरं काय म्हणू? नाही म्हटलं की लेक्चर.

दीप्ती : त्या दिवशी फोनवर तरी.

सलिल : त्या दिवशी तू रडत होतीस. चोरी झालीय, त्यात हे कशाला, असं वाटलं. मला काय माहीत, तू फोन ठेवून लगेच पुसणार? म्हणजे बघ हां, काच फोडली चोराने, पुसलं तू, आणि गुन्हेगार मी.

दीप्ती : क्रम बरोबर आहे.

(खाली ठाकुर्ली स्टेशनातली घोषणा ऐकू येते आणि विरते.)

सलिल : पुन्हा विचार ना त्यांना. ओळखतात तुला. मी रजा टाकतो, गाडीने नेतो.

दीप्ती : एका आजींनी सांगून झाल्यावर माझा हात धरला होता. म्हणाल्या, “आता ह्ये तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, पोरी. मला परत सांगाया लावू नको.”

सलिल : कोण गं?

दीप्ती : नाव नाही सांगणार.

सलिल : बरं. मग चोरीला गेला एवढंच सांग. खोटं नाही ते. माझं कशाला मध्ये? चिडतील उगाच.

दीप्ती : चिडणार नाहीत. पिशवी काढायची का, हे डॉक्टरांनी त्यांच्यातल्या कितीतरी जणींना विचारलंच नव्हतं. नवऱ्यांना विचारलं होतं. ते हो म्हणाले.

सलिल : म्हणजे मी आणि ते एकच?

दीप्ती : तसं मी म्हणणार नाही. त्याही म्हणणार नाहीत. जवळ बसवतील, चहा देतील, आणि मला समजून घेतील. तेच मला सोसणार नाही.