आबेना कोनाची कोन

(मुर्धा गाव. दुपारी घराच्या ओट्यावर बसलेल्या दोघी: बाजारात मासळी विकणारी पुष्पलता आणि तिची भाची ऋतिका.)

ऋतिका : आत्या, नवी साडी, सुकट, चपला. हे गाठोडं कोणासाठी?

पुष्पलता : आबेनासाठी.

ऋतिका : आबेना? माझ्या पुस्तकातली?

पुष्पलता : तूच ना रोज इंग्रजीचं मराठी करून वाचतेस, मी मासळी निवडताना. तेच मी बाजारात सांगते. बाया गिऱ्हाईक इसरून ऐकतात.

ऋतिका : मस्तच की. पण ती घानातली, गोष्टीतली आहे, हे सांगितलंस ना?

पुष्पलता : ऱ्हायलं. नवरा दर्यात बुडाला, दिरानं होडी बळकावली, मासळीला धुरी देऊन पोरं पोसते. एवढं सांगितलं, तर माझ्या बाजूला बसनाऱ्या गिरिजाच्या डोळ्याला पानी. विचारते, कोनाची कोन? मी बोलून गेले, माझ्या ओळखीतली हाय.

ऋतिका : अगं आत्या.

पुष्पलता : मग चौघींनी हे आनलं. गिरिजा तर बोलते, दिराला जाब विचारायला सगळ्याच जाऊ.

ऋतिका : घानाला? रिक्षा करून?

पुष्पलता : हसू नको. चाळीस वर्सं त्या बाजारात बसते. शिळं कधी ताजं म्हनून इकलं न्हाय. आता मी खोटारडी ठरनार. मना झोप लागत न्हाय.

ऋतिका : ऐक. रविवारी पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या वाचनालयात आफ्रिकेतल्या लेखिकांचा कार्यक्रम आहे. त्यांची पुस्तकं मांडणार, त्यावर बोलणार. चौघींना घेऊन ये. लिहिणाऱ्या बाईंचा फोटो दाखवू, खरं काय ते सांगू. आणि आबेनाची गोष्ट तूच सांग.

पुष्पलता : शिकलेल्या लोकांत मी? तू हायेस ना बोलायला.

ऋतिका : मी बोलले की लोक मोबाइल काढतात. तू सांगितलंस तर नव्या साड्या काढून देतात.

पुष्पलता : आनि बाया तिथंच भडकल्या तर?

ऋतिका : मी तुझ्या बाजूला उभी असेन.

पुष्पलता : तू काय करनार, गिरिजाला बघितलंस ना? बरं, शेवट तर सांग. होडी मिळते का तिला?

ऋतिका : ती नाही मिळत. दीर देतच नाही. नवी मिळते.

पुष्पलता : कोन देतं?

ऋतिका : बाजारातल्या बायका. सगळ्या मिळून बांधून देतात.

पुष्पलता : मग गिरिजा न्हाय रागावनार.